स्नायू किती सैल पडले, ते अंगठ्यावर मोजा

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

घोडबंदर रस्त्यावरच्या आणि पामबीच मार्गावरच्या फलकांमुळे, आणि आपल्यासारख्या दैनिकांच्या आरोग्य पुरवण्यांमुळेही, वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती आता घरोघरी पोचली आहे. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणे) म्हणजे काय, बायपास म्हणजे काय, बीएमआय कसा काढतात, विमा कधी मिळतो, हे सगळे वाचून आलेले रुग्ण ठाण्यात आणि वाशी-नेरुळ-खारघर पट्ट्यात नेहमी भेटतात. भुलीबद्दल मात्र त्यांचा प्रश्न एकच असतो : "डॉक्टर, मधेच जाग तर नाही ना येणार?" प्रश्न रास्त आहे. पण जाग येऊ न देणारे औषध वेगळे आणि स्नायू सैल करणारे वेगळे. या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाचा खरा कस लागतो तो या दुसऱ्या औषधावर. त्याबद्दल मराठीत फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम ही या कामाची नेहमीची औषधे, म्हणजेच रिलॅक्संट. मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथे ती अडून बसतात आणि मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचू देत नाहीत. त्यांनी झोप येत नाही, वेदनाही थांबत नाही. रुग्ण हलत नाही एवढाच त्यांचा परिणाम, आणि श्वासाचे स्नायूही त्यातच आले, म्हणून व्हेंटिलेटर. रुग्ण निपचित पडला आहे म्हणजे त्याला पुरेशी भूल मिळाली आहे, असा अर्थ यातून निघत नाही, हे ओटीत (शस्त्रक्रियागृहात) उभ्या असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवलेले बरे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. दाब साधारण १२ ते १५ मिमी पारा ठेवतात. सडपातळ माणसाच्या पोटात आधी जवळपास काहीच दाब नसतो. अतिस्थूल माणसाच्या पोटात मात्र चरबीच्या भाराने आधीच ९-१० मिमीच्या आसपास दाब असतो. म्हणजे जागा करायला वाव कमी, आणि सर्जनला पोचायचे असते ते नेमके अडचणीच्या कोपऱ्यात : वर सुजलेल्या यकृताचा डावा भाग, डावीकडे प्लीहा, आणि जठर जिथे अन्ननलिकेला मिळते तो कोन. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात, तो यकृत आक्रसावे म्हणूनच. एवढ्याशा जागेत, कापता-कापता शिवणाऱ्या स्टेपलरचा जबडा जठरावर मिटत असताना श्वासपटलाने एक उचकी दिली, तर शिवणीची रेषा तिरकी जाऊ शकते. सर्जन "रिलॅक्संट द्या" म्हणतो तेव्हा त्यामागे ही धास्ती असते.

आता मोजमाप. मनगटाच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, अल्नर नावाचा मज्जातंतू जातो. त्यावर दोन इलेक्ट्रोड चिकटवून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार झटके देतात आणि अंगठा किती वेळा, किती जोराने आत वळतो ते पाहतात. याला टीओएफ म्हणतात. चारपैकी एक ते तीन झटक्यांना अंगठा हललेला दिसला तर शिथिलता मध्यम. एकालाही हलला नाही तर पुढची चाचणी : ५० हर्ट्झचा सलग झटका ५ सेकंद, मग ३ सेकंद थांबून दर सेकंदाला एक सुटा झटका. या सुट्या झटक्यांपैकी कितींना अंगठा हलला तो आकडा म्हणजे पीटीसी. टीओएफ शून्य पण पीटीसी एक किंवा जास्त, म्हणजे खोल शिथिलता. पीटीसीही शून्य, म्हणजे त्याहून खोल, आणि तिथून परत यायला वेळ लागतो. पीटीसी आठ-दहापर्यंत चढली की टीओएफचा पहिला झटका दारात आला असे समजायचे. ही चाचणी लगेच पुन्हा करायची नसते, पाच-सहा मिनिटे जाऊ द्यायची, नाहीतर आकडा फसवा येतो.

गोम अशी, की अंगठा आणि श्वासपटल एकाच तालावर चालत नाहीत. श्वासपटल या औषधांना जास्त दाद देत नाही आणि लवकर सावरते. अंगठ्यावर एकही झटका दिसत नसताना पोटात उचकी येऊ शकते, ती यामुळे. म्हणूनच काही सर्जन आणि भूलतज्ज्ञ शस्त्रक्रिया संपेपर्यंत शिथिलता खोल ठेवा असे म्हणतात. पुरावा काय सांगतो? नेदरलँड्समध्ये वजनाच्या शस्त्रक्रियेच्या १०० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खोल शिथिलतेच्या बाजूला सर्जनने जागेला जास्त गुण दिले. पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या ६० रुग्णांच्या अभ्यासात तसा ठोस फरक दिसला नाही. युरोपच्या भूलतज्ज्ञ संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत याचा मध्य काढला आहे : सर्जनला जागा अपुरी पडत असेल तर शिथिलता खोल करा, पण वेदना किंवा गुंतागुंत कमी होईल म्हणून सरसकट प्रत्येकाला खोल न्या, असे सांगण्याइतका पुरावा नाही.

आमचे मत याच्याशी जुळते. पहिला पोर्ट (दुर्बीण आणि अवजारे आत नेणारी नळी) घालताना, यकृत उचलून धरताना आणि स्टेपलर चालत असताना खोल; शेवटचा स्टेपल बसला की औषध बंद. त्यानंतर गळती तपासणे, कापलेले जठर पोर्टमधून ओढून काढणे, पोर्ट शिवणे एवढेच उरते, आणि त्याला मध्यम शिथिलता पुष्कळ झाली. शेवटच्या टाक्याच्या दहा मिनिटे आधी "थोडं अजून द्या" म्हणून दिलेले १० मिग्रॅ रोक्युरोनियम हेच पुढच्या अर्ध्या भानगडींचे मूळ असते.

आणि "पेशंट टाइट आहे" ही तक्रार आली की हात लगेच सिरिंजकडे जाऊ नये. आधी गॅस भरणाऱ्या यंत्राकडे बघावे. ठरवलेला दाब १४ आणि प्रत्यक्ष दाब १८-२०, प्रवाह शून्य, अलार्म वाजतोय, तर पोट आवळले गेले आहे : टीओएफ बघा, भूल हलकी आहे का बघा, वेदनाशामक संपले आहे का बघा. उलट प्रत्यक्ष दाब ८ आणि प्रवाह जोरात, तर पोर्टच्या कडेने गॅस निसटतो आहे. अशा वेळी रिलॅक्संटचा घडा ओतला तरी जागा होणार नाही. दाब आणि प्रवाह दोन्ही पडले असतील तर सिलिंडर रिकामा झाला असेल किंवा नळी दुमडली असेल. मास्कने श्वास देताना जठरात हवा गेली असेल तर तेच फुगून वाट अडवते. नळीने ती ओढून घेतली की काम भागते. टेबल डोक्याकडून पुरेसे वर उचलले आहे का, हेही. (जठरातली नळी आणि तापमानाचा प्रोब स्टेपलर चालवण्याआधी बाहेर काढायचे, आत राहील ती फक्त जठराचे माप राखणारी ३६ ते ४० फ्रेंच जाडीची नळी, म्हणजे बूजी. नळी स्टेपलमध्ये सापडल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत, आणि त्या वाचून कुणाही भूलतज्ज्ञाच्या पोटात गोळा येतो.)

मात्रेचा हिशेब हा दुसरा खड्डा. १५५ सेमी उंचीची, ११८ किलो वजनाची स्त्री घ्या. बीएमआय ४९. तिचे आदर्श वजन ढोबळमानाने उंचीतून १०५ वजा करून ५० किलो (पुरुषासाठी १०० वजा करतात). श्वासाची ट्यूब टाकण्यासाठी रोक्युरोनियम किलोमागे ०.६ मिग्रॅ, ते आदर्श वजनावर : ३० मिग्रॅ. काट्यावरच्या वजनावर मोजले तर ७१ होतात, आणि परिणाम किती लांबेल याचा भरवसा राहत नाही. घाईने ट्यूब टाकायची असेल तर १ ते १.२ मिग्रॅ, म्हणजे ५० ते ६०. पण सक्सामिथोनियम हे झटपट काम करणारे दुसरे रिलॅक्संट वापरायचे ठरले तर ते प्रत्यक्ष वजनावर. उतारा म्हणून दिले जाणारे सुगामाडेक्सही लेबलप्रमाणे प्रत्यक्ष वजनावरच. एकाच रुग्णासाठी तीन औषधे आणि दोन वजने. ही दोन्ही वजने सकाळीच ओटीतल्या फळ्यावर लिहून ठेवावीत, गडबडीत डोक्यात गुणाकार करू नये. सेव्होफ्लुरेन किंवा डेसफ्लुरेनसारखे भुलीचे वायू, मॅग्नेशियम आणि काही प्रतिजैविके शिथिलता वाढवतात, गार पडलेले अंग ती लांबवते; म्हणून पुढच्या मात्रा घड्याळ बघून नव्हे, झटके बघून.

आता परतीचा प्रवास. आपल्याकडे "रिव्हर्सल" म्हणजे निओस्टिग्मिन आणि ग्लायकोपायरोलेटची तयार कुपी : २.५ मिग्रॅ अधिक ०.५ मिग्रॅ, ५ मिलीमध्ये. स्वस्त, जुनी, हाताशी असलेली. पण निओस्टिग्मिनला कमाल मर्यादा आहे. ते अडून बसलेल्या औषधाला हलवत नाही, फक्त समोरच्या ॲसिटिलकोलिनची (मज्जातंतूचा निरोप स्नायूला देणाऱ्या रसायनाची) गर्दी वाढवते, आणि ती गर्दी एका मर्यादेपुढे वाढत नाही. ५ मिग्रॅच्या वर देण्यात अर्थ नाही. टीओएफवर चारही झटके परतले असतील तरच ते द्यावे, आणि तेव्हाही पूर्ण ताकद यायला दहा ते वीस मिनिटे धरावीत. खोल शिथिलतेत दिले तर काम करत नाही. शस्त्रक्रिया संपेपर्यंत रुग्णाला खोल ठेवायचे आणि शेवटी ही कुपी टोचून पाच मिनिटांत ट्यूब काढायची, हा हिशेब कुठल्याच पुस्तकात बसत नाही, तरी छोट्या-मोठ्या रुग्णालयांत तो मांडला जातो.

सुगामाडेक्सचे काम वेगळे. ते रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियमच्या रेणूला गिळून टाकते. टीओएफवर दोन झटके असताना किलोमागे २ मिग्रॅ, पीटीसी एक-दोन असताना ४ मिग्रॅ. दोन-तीन मिनिटांत ताकद परतते. वरच्या स्त्रीसाठी हे अनुक्रमे २३६ आणि ४७२ मिग्रॅ होतात. वायल २०० आणि ५०० मिग्रॅच्या मिळतात. इथे काटकसर सुचते : २०० ची एक वायल दिली, चार झटके दिसले, ट्यूब काढली. हे सर्वांत घातक. अपुऱ्या मात्रेने रक्तातले मोकळे रेणू तेवढे बांधले जातात, ऊतींतले मागाहून येतात, आणि रिकव्हरी रूममध्ये अर्ध्या तासाने रुग्ण पुन्हा ढिला पडू शकतो. ॲट्राक्युरियम आणि सिसॅट्राक्युरियमवर हा उतारा मुळीच चालत नाही. मूत्रपिंडे फार बिघडलेली असतील तर तो टाळतात. क्वचित तीव्र ॲलर्जी, क्वचित नाडी एकदम मंदावणे, हेही माहीत असावे. ॲट्रोपिन आणि ॲड्रिनॅलिन भरून ठेवावे.

त्याच रात्री स्टेपलच्या रेषेतून रक्तस्राव होऊन रुग्ण परत टेबलावर आला तर? सुगामाडेक्स अंगात आहे, त्यामुळे नेहमीच्या ०.६ मिग्रॅ मात्रेने रोक्युरोनियम पुन्हा देण्यासाठी चार तास थांबावे लागते. त्याआधी हवे असेल तर मात्रा दुप्पट, १.२ मिग्रॅ, नाहीतर सरळ ॲट्राक्युरियम. म्हणून दिलेली मात्रा आणि वेळ केसपेपरवर ठळक लिहिलेली असावी. रात्री येणारा भूलतज्ज्ञ दुसराच असतो.

ट्यूब कधी काढायची? चौथ्या झटक्याची ताकद पहिल्याच्या ९० टक्के किंवा जास्त झाल्यावर. हा आकडा यंत्राशिवाय कळत नाही. ४० टक्क्यांच्या पुढे गेले की चारही झटके डोळ्यांना आणि बोटांना सारखेच वाटतात. यंत्र त्या वेळी ५० दाखवत असते. "डोकं उचला, पाच सेकंद धरा" ही आपली लाडकी परीक्षा ६० टक्क्यांवरही पास होता येते. अमेरिकेच्या भूलतज्ज्ञ संघटनेने २०२३ मध्ये आणि ब्रिटनच्या संघटनेने २०२१ मध्ये, रिलॅक्संट दिले तर आकडा दाखवणारे मॉनिटर वापरा, असे स्पष्ट सांगितले आहे. अमेरिकेच्या सूचनेत आकडा अंगठ्यावरचाच घ्या, भुवईवरचा नको, असेही आहे. कारण भुवईचा स्नायू श्वासपटलासारखा लवकर सावरतो आणि खोटा दिलासा देतो. डोक्याशी बसलेल्याला भुवई सोयीची असते, हेच त्यातले संकट.

वजनाच्या रुग्णात उरलेली शिथिलता इतरांहून महाग पडते. यांतल्या अनेकांना झोपेत श्वास अडकण्याचा विकार असतो, बऱ्याचदा तपासणीच न झालेला. घरचे फक्त "खूप घोरतात" एवढेच सांगतात. अशा माणसाच्या घशाचे स्नायू ७०-८० टक्क्यांवर असले की जीभ मागे पडते, गिळता येत नाही, खोकला बसका येतो. त्यात छातीवर चरबीचा भार आणि फुप्फुसांत साठा कमी. ऑक्सिजनचा मास्क लावलेला असल्यामुळे बोटावरचे यंत्र ऑक्सिजनचा आकडा ९७ दाखवत राहते आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. रुग्ण "मला श्वास घेता येत नाही" असे पुटपुटतो आणि भुलीची गुंगी म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. अशांना ३०-४५ अंशांत बसते ठेवावे, घरचे सीपॅप यंत्र (झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारे) सोबत आणायला आधीच सांगावे.

यंत्र लावण्यातही चुका होतात. झोप लागल्यानंतर आणि रिलॅक्संट देण्याआधी ते कॅलिब्रेट करायचे. आधी दिले की मूळ ताकद कळायचा मार्ग बंद. जाड मनगटावर ४०-५० मिलिअँपिअर पुरत नाहीत, ६० पर्यंत न्यावे लागतात. त्वचा स्पिरिटने पुसून कोरडी करायची. अंगठ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रात अंगठा मोकळा हवा, चादरीखाली हात दाबून बांधला तर तो हलणार कुठे? तिथे स्नायूतला विद्युत संदेश मोजणारे यंत्र बरे. हात गार पडला तरीही आकडे चुकतात. तळव्याची त्वचा ३२ अंशांच्या वर ठेवावी.

आपल्या भागात अडचण अशी, की बरेच भूलतज्ज्ञ एका रुग्णालयाचे नसतात. सकाळी नौपाड्यात, दुपारी ऐरोलीत, संध्याकाळी कामोठ्यात. मॉनिटर रुग्णालयाचा, औषधे रुग्णालयाच्या मेडिकलमधली, आणि जबाबदारी मात्र याची. काही जण हातात मावणारे टीओएफ यंत्र स्वतःच्या बॅगेत ठेवतात. ते कौतुकाचे असले तरी व्यवस्था म्हणून पुरेसे नाही. लाखांचे स्टेपलर कार्ट्रिज उघडणाऱ्या रुग्णालयाने वजनाच्या शस्त्रक्रियेच्या (बॅरिॲट्रिक) प्रत्येक टेबलाला एक असे मॉनिटर आणि फ्रीजमध्ये नव्हे तर ओटीच्या ट्रॉलीत रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनाला पुरेल एवढे सुगामाडेक्स ठेवावे, ही मागणी अवास्तव नाही. फ्रीज लागतो तो रोक्युरोनियमला, २ ते ८ अंश. ते बॅगेत गाडीच्या डिकीत फिरवू नये.

पैशाचा भाग उरतो. विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांनुसार १८ किंवा जास्त वर्षांच्या व्यक्तीचा बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत ठरावीक गंभीर आजार असेल, तर वैद्यकीय सल्ल्याने होणारी ही शस्त्रक्रिया लठ्ठपणाच्या अपवादात ढकलता येत नाही. पण पॅकेज ठरते तेव्हा भुलीची औषधे एका ठोक आकड्यात बसवली जातात आणि उतारा त्यात मावत नाही. रुग्णाने पॅकेजच्या कागदावरच विचारावे : शिथिलता आकड्यात मोजणारे मॉनिटर आहे का, आणि माझ्या वजनाचे सुगामाडेक्स धरले आहे का? "गरज पडली तर आणू" हे उत्तर चालणार नाही. गरज पडते तेव्हा मेडिकलपर्यंत जाऊन यायला वेळ नसतो.

एक गोष्ट डिस्चार्ज कार्डवर हमखास राहून जाते. या शस्त्रक्रियेला येणाऱ्यांत तरुण स्त्रिया पुष्कळ. सुगामाडेक्स गर्भनिरोधक गोळ्यांतल्या हार्मोनलाही बांधते. त्या दिवशी गोळी चुकली असे धरून पुढचे ७ दिवस कंडोमसारखा दुसरा उपाय सोबत वापरावा लागतो. गोळीऐवजी इंजेक्शन किंवा हार्मोनची तांबी असली तरी हेच ७ दिवस. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळा असे सर्जन बजावून सांगतात, आणि पहिल्याच आठवड्यातली ही फट कुणी सांगत नाही. भूलतज्ज्ञाने ती ओळ स्वतःच्या हाताने कार्डवर लिहावी, आणि वॉर्डातल्या सिस्टरने ती रुग्णाला वाचून दाखवावी.

आपले,

ठाणे व नवी मुंबईतील काही भूलतज्ज्ञ